लंडनला उमटलेली बोटं

भेंडी दाबली तर लगेच काही दिसत नाही. हातात असते तोवर हिरवीगार. तुम्ही म्हणाल, काही झालं नाही. पण तिनं ते लक्षात ठेवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी जिथं बोट रुतलं तिथं काळा डाग येतो. घरी आणलेल्या पाव किलोत कोण बघतंय? चिरायची आणि कढईत टाकायची. पण हीच भेंडी सकाळी सुरंगी गावच्या शेतात तोडली, दुपारी सामरवरणीला आमच्या पॅकहाऊसमध्ये निवडली, संध्याकाळी थंड गाडीत बसून मुंबईच्या विमानतळावर गेली आणि दुसऱ्या दिवशी लंडनच्या दुकानात मांडली, की इथं दाबलेलं बोट तिथं उमटतं. या धंद्यात मी अठरा वर्षं काढली. या एका गोष्टीचं नवल अजून संपलेलं नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहा म्हणून अंक काढणारे मास्तर तीनदा घरी आले. मी म्हटलं, मास्तर, मी चौथी शिकलेला माणूस. पारोळ्याकडून इथं सिल्वासाला दोऱ्याच्या कंपनीत आलो, ती बंद पडली, मग भाजीच्या पॅकहाऊसमध्ये आधी हमाल आणि पुढं मुकादम झालो. यात लिहायचं काय? ते म्हणाले, "आबा, निर्यातीबद्दल लिहा. आपली भाजी परदेशात जाते, लोकांना अभिमान वाटेल." ठीक आहे. अभिमानाचं लिहितो. पण लाज वाटते तेही लिहिणार. ते मास्तरांनी कापू नये.

आधी धंदा सांगतो. परदेशी जाणारी भेंडी बोटाएवढी लागते. लांब झाली की बाद, वाकडी बाद, देठ लांब राहिला तर बाद, अंगावरची लव घासली गेली तरी बाद. उन्हं चढायच्या आत तोडायची, सावलीत ठेवायची, क्रेटमध्ये रचताना ओतायची नाही. पॅकहाऊसला आली की आधी शेताचा ताप उतरवायचा, म्हणजे गार खोलीत ठेवायची. तिथंही जपून. गारठा कमी पडला तर सुकते, जास्त झाला तर अंगाला खळगे पडतात. लहान मूल बरं, ते रडून सांगतं तरी.

मी लागलो तेव्हा हिरवी दिसली की जायची. मग लांबी बघायला लागले. मग औषधाचा अंश तपासायला लागले, फवारणी कधी केली ते शेतकऱ्याकडून लिहून घ्यायला लागले. मग प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी आली, कुठलं शेत, कुठला दिवस, कुठलं टेबल. आमचे शेठ गुजराती. ते मला नेहमी सांगायचे, "मुकादम, आपली भेंडी तिथे एकली नथी. बाजूच्या खोक्यात केनियाची आहे, जॉर्डनची आहे. बाई दोन्ही हातात धरते." त्यांची भेंडी मी फोटोत पाहिलेली. सगळी सरळ, एका मापाची, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखी. आणि विमानाचं भाडं भेंडीपेक्षा जड. म्हणजे इथून निघतानाच आपण मागं असतो. मग आपली का घेतात? कारण तिथं घेणारी बाई बहुतेक आपलीच असते, सुरतेची नाही तर पंजाबातली, आणि तिला कोवळी भेंडी कशाला म्हणतात ते ठाऊक असतं. कोवळेपणावर आम्ही टिकून होतो. त्यावरच आमच्या सगळ्या टेबलांवरच्या बायांची चूल होती.

आता बाजारात तुम्ही कोवळी कशी ओळखता? शेंडा मोडून. कट्ट झाला तर कोवळी, वाकला तर जून. भाजीवाली ओरडते, तरी आपण मोडतोच. पण लंडनला जाणाऱ्या भेंडीचा शेंडा कसा मोडणार? मोडली की बाद. तर मग न मोडता सांगायचं की ही मोडली तर कट्ट होईल. ही विद्या माझ्या बायकोकडं होती.

इंदूबाई तिचं नाव. मी इंदू म्हणायचो. ती तीन नंबरच्या टेबलावर बसायची. अंगठा आणि दोन बोटांच्या मधून भेंडी नुसती फिरवायची, जपमाळेचा मणी ओढल्यासारखी, आणि डावीकडं नाही तर उजवीकडं टाकायची. डोळे भलतीकडंच, बायांशी बोलणं चालू. सुरुवातीला मला खरं वाटेना. मी तिच्या दोन्ही ढिगांतल्या मूठ मूठ भेंड्या घेतल्या आणि सगळ्यांचे शेंडे मोडले. एकही चुकली नव्हती. ती म्हणाली, "झालं समाधान? आता ह्या मोडलेल्या घरी घेऊन चला, संध्याकाळची भाजी झाली." पुढं परदेशातून कोणी साहेब आला की शेठ त्याला आधी तीन नंबरला आणायचे. साहेब मोबाइल काढून तिच्या हातांचा व्हिडिओ घ्यायचा. ते व्हिडिओ त्यांच्याबरोबर गेले. आमच्याकडं एकही नाही.

तर त्या वर्षी होळीच्या आधी लंडनच्या व्यापाऱ्याचा फोटो आला. खोकं उघडं, आणि वरच्या थरातल्या भेंड्यांवर काळे डाग. शेठनी तो माझ्या मोबाइलवर पाठवला आणि मला व प्राजक्ता मॅडमना बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या मालाची तपासणी करणारी मुलगी, रत्नागिरीकडची, शिकलेली. तिनं फोटो मोठा करून पाहिला. म्हणाली, "काका, हे गारठ्याचे डाग नाहीत. हे बघा, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. ही बोटं आहेत." चिठ्ठीवर टेबल होतं तीन नंबर.

शेठ म्हणाले, "परत आवा फोटा आव्या तर तो व्यापारी जॉर्डनचा माल घेईल. चोख्खं सांगितलं आहे. मग मी तमारी आ बाया कुठे बसवू?"

तीन नंबरला चौघी. इंदू, दोघी टोकरखाड्याच्या, आणि चौथी जमनी, सुरंगीची वारली बाई. जमनीचे हात मोठे. शेतात कुदळ मारलेली, जंगलात लाकडं फोडलेली. मी फार विचार केला नाही. खरं सांगायचं तर अजिबात केला नाही. तिच्या हातांकडं बघितलं आणि म्हणालो, "जमनी, हे काम नाजूक बोटांचं आहे. उद्यापासून येऊ नको." तिनं हातमोजे काढले, टेबलावर एकावर एक ठेवले आणि गेली. इंदू एवढंच म्हणाली, "तिनं दाबलं असतं तर मला दिसलं असतं. शेजारी बसते मी तिच्या." मी म्हणालो, "मुकादम कोण आहे?"

जमनीच्या जागी नवी बाई बसवली. आठ दिवसांनी दुसरा फोटो आला. तीच बोटं, तेच टेबल.

शेठनी व्यापाऱ्याकडून एकच संधी मागून घेतली. मॅडमचा चेहरा उतरला. सगळ्यांना वाटलं, आता नवी बाई. पण मला नवीवर लगेच बोट ठेवायचा धीर होईना, कारण पहिल्या फोटोच्या वेळी ती नव्हतीच. मग मीच म्हणालो, चौघींना एकेक क्रेट वेगळं देऊ, निवडून झालं की नावाची चिठ्ठी टाकून गार खोलीत ठेवू, उद्या सकाळी बघू. भेंडी स्वतःच सांगेल. चिठ्ठ्या माझ्या हातच्या, वाकड्यातिकड्या. खोलीची किल्ली माझ्याकडं.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेलो. तीन क्रेट हिरवी. नवीचंही हिरवं. चौथ्यात वरपासून खालपर्यंत काळी बोटं. चिठ्ठी काढली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं, इंदू.

त्या खोलीत थंडी असते म्हणून आम्ही आत फार थांबत नाही. त्या दिवशी मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. एकेक भेंडी उचलून बघत होतो. काय बोटं उमटली होती! जिथं ती नुसती फिरवायची तिथं आता लिंबू पिळावं तसा अंगठा रुतला होता. सुरंगीच्या बाईचे हात मी जड म्हणालो होतो. आणि हे माझ्या घरचे हात होते.

मी ती चिठ्ठी खिशात टाकली. लिहायचं ठरलंच आहे तर लिहितो, टाकली. मॅडम आल्या. तीन चिठ्ठ्या, चार क्रेट. "काका, ह्याची चिठ्ठी?"

"पडली असेल कुठं तरी."

दारातून आवाज आला, "पडली नाही मॅडम. ह्यांच्या वरच्या खिशात आहे, टोक दिसतंय." इंदू उभी होती. "आणि तिघींची नावं समोर आहेत. चौथी कोण ते कळायला शाळा लागत नाही."

ती आत आली. क्रेटपुढं वाकली, एक भेंडी उचलली, बोटांतून फिरवली, जशी नेहमी फिरवायची. मग आमच्यासमोर तिचा अंगठा भेंडीत रुतला. तिला कळलं नाही. आम्हाला दिसलं. ती विचारत होती, "एवढी कशी दाबली मी? मला तर वाटतं हात लागतच नाही."

मॅडमनी तिचे हातमोजे काढायला लावले. "मावशी, डोळे मिटा." पेनाचं टोक तिच्या अंगठ्याला टेकवलं. "कळतंय?"

"टेकवा की."

पेन टेकवलेलंच होतं.

दुसरं बोट, तिसरं बोट. इंदू डोळे मिटून उभी, लहान मुलीसारखी हात पुढं करून, आणि वाट बघत होती. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या आईला शुगर होती, म्हणून त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "काका, आजच दवाखान्यात न्या."

दवाखान्यात शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं असणार, बोटांची जाणीव गेली आहे, पायांचीही जायला लागली आहे. घरी काही दिसलं नाही का? असं त्यांनी विचारलं.

दिसलं होतं. दोन वर्षं ती तव्यावरची भाकरी हातानं उलटायची, चटका बसला तरी हात मागं घ्यायची नाही. मी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो, आमच्या बाईचे हात विस्तवाला भीत नाहीत. ती सहा महिने म्हणत होती, "अहो, हातमोजे हल्ली जाड येतात, भेंडी कळत नाही." मी स्टोअरवाल्याशी भांडून पातळ मोजे मागवले. ते आल्यावरही म्हणाली, जाडच आहेत. तिला वाटत होतं दोष मोज्याचा. भेंडी कोवळी का जून ते कळेपर्यंत ती दाबत राहायची, आणि कळायचं नाही म्हणून आणखी दाबायची. एका घरात, एका ताटाशी बसून मला जे दिसलं नाही, ते समुद्रापलीकडच्या दुकानात एका अनोळखी माणसाला दिसलं. त्याला वाटलं माल खराब आहे. मी त्या गोष्टीपुढं आजही हात जोडतो. कोणाला जोडतो ते मला सांगता येणार नाही.

आता जमनी.

इंदू म्हणाली, "आधी तिच्याकडं जायचं. गोळ्या नंतर." माल आणायला सुरंगीला जाणाऱ्या टेम्पोत आम्ही दोघं पुढं बसलो. जमनीच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली होती. ती हातानं पसरवत होती. उठली नाही.

मी म्हणालो, "जमनी, चूक माझी झाली. तुझी बोटं नव्हती."

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "माझी बोटं मला ठावं नसतील का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू कुठं विचारलंस? तू माझ्या हाताकडं बघून बोलत होतास. तोंडाकडं बघितलं असतंस तर बोलले असते."

इंदू तिच्या शेजारी खाली बसली आणि सरळ सांगून टाकलं, "ती माझी बोटं होती गं. मला आता भेंडी कळत नाही." जमनीनं तिचा हात ओढून घेतला, तळवा उलटा केला आणि बघितला. मग मोहाचं एक फूल तिच्या चिमटीत ठेवलं. "हे कळतं का, इंदूबाय?" इंदूनं मान हलवली, नाही. मी टेम्पोकडं गेलो, क्रेट मोजायचं निमित्त करून.

निघताना मी विचारलं, उद्या येतेस ना? जमनी म्हणाली, "उद्या नाही. मोहाची फुलं संपली की येईन. तुझ्या लंडनला सांग थांबायला."

लंडन थांबत नाही. व्यापाऱ्याची शेवटची संधी होती आणि तीन नंबरला इंदूची जागा रिकामी. मग मी स्वतः बसलो. मुकादम बायांच्या टेबलावर बसला म्हणून सगळं पॅकहाऊस बघायला आलं. एक म्हणाली, "आबा, पदर सावरा, भेंडीला लागेल." इंदू माझ्यामागं स्टुलावर बसली. तिचे हात गेले होते पण कान आणि डोळे होते. माझ्या हातात भेंडी आली की तिचं सुरू, "हळू. उंदीर धरताय का? तिला कळू नये तुम्ही धरलंय ते. आता फिरवा. पोटाजवळ किंचित दबते का? दबली तर कोवळी. नाही दबली तर सोडून द्या, जबरदस्ती करू नका."

पहिले दोन दिवस मला काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी एक भेंडी बोटांतून जाताना काहीतरी झालं. काय ते लिहिता येत नाही. कातडीच्या आत पाणी असल्यासारखं, जिवंत. मी थांबलो. इंदू मागून म्हणाली, "कळलं ना?" मी मान हलवली. म्हणाली, "हे मला रोज हजार वेळा कळत होतं." एवढंच म्हणाली. मी इतकी वर्षं तिच्या टेबलासमोरून फेऱ्या मारत होतो, हिशोबानं खोकी भरतात का ते बघत होतो, आणि ती तिथं बसून एवढ्या श्रीमंतीत होती.

ते दहा दिवस तीन नंबरची खोकी हिरवी पोहोचली. जमनी परत आली, मी उठलो. शेठनी इंदूला शिकवायला ठेवलं, पगार तोच. मला वाटलं होतं नाही ठेवणार, पण ठेवलं, हेही लिहिलं पाहिजे. नव्या बायांच्या मागं ती स्टुलावर बसायची. व्यापारी टिकला. केनिया आणि जॉर्डन अजून शेजारच्या खोक्यात आहेत, दर वर्षी नवा नियम येतो, विमानाचं भाडं चढतं, आता तिथं छोट्या ट्रेमध्ये भरलेली, आणखी बारीक भेंडी मागतात. कोण जिंकतं मला माहीत नाही. मी गेल्या वर्षी काम सोडलं तेव्हा आमची गाडी रोज संध्याकाळी निघत होती, आणि तीन नंबरला जमनी मुख्य होती. तिचे हात मोठेच आहेत. तिची भेंडी कुठंही काळी पडत नाही.

त्या दिवशीचं काळं क्रेट मी घरी आणलं होतं. फेकवेना. इंदूनं आठवडाभर त्याचीच भाजी केली, कधी ताकातली, कधी दाण्याचा कूट घालून. चवीत काही फरक नव्हता.

इंदू त्यानंतर तीन वर्षं होती. आधी पायाचं बोट गेलं, मग पाऊल, मग ती. मागच्या पोळ्याला दोन वर्षं झाली. मी मुलाकडं राहतो. भाजी आणायचं काम माझ्याकडं आहे. भेंडी मी शेंडा न मोडता घेतो. भाजीवाली म्हणते, काका, तुमच्यासारखं गिऱ्हाईक पाहिजे. मी भेंडी बोटांतून फिरवतो, कळतं, आणि मग सांगायला मागं कोणी नसतं.

गेल्या महिन्यात सुनेनं माझा जुना मोबाइल बदलून दिला. स्वाती नाव तिचं, हुशार आहे. फोटो नव्यात टाकताना विचारत होती, हा ठेवायचा का, हा ठेवायचा का. मध्येच हसली, "आबा, हा काय? काळ्या भेंडीचा फोटो कशाला ठेवलाय? काढून टाकू?"

भिंतीवर हार घातलेला फोटो आहे तो लग्नाच्या वाढदिवसाला स्टुडिओत काढलेला. त्यात इंदूचे हात पदराखाली आहेत. मुलाच्या लग्नातल्या फोटोत तिनं ताट धरलंय, बोटं ताटाच्या मागं गेलीत. साहेबांनी घेतलेले व्हिडिओ कुठल्या देशात आहेत कोणास ठाऊक. लंडनच्या त्या खोक्यातल्या एका भेंडीवर मात्र तिचा अंगठा पूर्ण उमटलाय, आणि भेंडीच्या दुसऱ्या अंगाला दोन बोटं. जरा तिरपी, ती धरायची तशी.

मी म्हणालो, "राहू दे. तुझ्या सासूचा आहे."